गुडघ्यात बिजागरी : दुसऱ्या ऑपरेशनआधी समजून घ्यावे असे काही

आमच्या खालांच्या गुडघ्याची 'वाटी बदलून' अकरा वर्षे झाली होती. पहिली काही वर्षे छान गेली. मग पाय बाहेरच्या बाजूला कलू लागला. वुजूला उठताना भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. जुना सांधा सैल झाला होता, खालचे हाड झिजले होते आणि गुडघ्याच्या बाजूचे अस्थिबंध निकामी झाले होते. "आता बिजागरीचा सांधा बसवावा लागेल," ते म्हणाले.

"दाराला असते तशी?" खालांनी विचारले.

"तशीच, पण थोडी फिरणारीही."

घरी आल्यावर आम्ही सगळे बसलो. करायचे की नाही? त्या निर्णयासाठी जे समजून घेतले, ते इथे मांडत आहोत.

आपण 'वाटी बदलली' म्हणतो, पण नेहमीच्या ऑपरेशनमध्ये मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे झिजलेले पृष्ठभाग काढून तिथे धातू आणि प्लास्टिक बसवतात. हे दोन भाग एकमेकांना जोडलेले नसतात. त्यांना जागेवर धरतात ते आपले स्वतःचे अस्थिबंध. तेच गेले, तर नवा सांधाही डळमळतो. बिजागरीच्या सांध्यात वरचा आणि खालचा भाग आसाने जोडतात आणि लांब दांड्यांनी हाडांच्या पोकळीत पक्के करतात. म्हणजे अस्थिबंधांचे काम यंत्र करते.

कल्पना जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनला ग्लुक या सर्जननी क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली होती, पण जंतुसंसर्गामुळे ती टिकली नाही. १९५० च्या दशकात स्वीडनच्या वाल्डियस यांच्या बिजागरीचा बराच वापर झाला. त्या काळच्या बिजागऱ्या फक्त पुढे-मागे वाकत. आपला गुडघा मात्र चालताना किंचित गोलही फिरतो. तो पीळ थेट हाड आणि सिमेंटच्या जोडावर येई आणि सांधा सैल होई. म्हणून पुढे फिरती बिजागरी आली. आज बहुधा तीच वापरतात.

मग निकाल कसा? दुखणे कमी होते, गुडघा निसटत नाही, माणूस पुन्हा चालू लागतो. हा फायदा मोठा आहे. पण पहिल्या ऑपरेशनपेक्षा धोकेही जास्त आहेत. जंतुसंसर्ग, सांधा पुन्हा सैल होणे, दांडीच्या टोकाजवळ हाड मोडणे, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचा त्रास हे त्यातले मुख्य. संसर्ग खोल गेला तर सांधा काढावा लागू शकतो, क्वचित पायही गमवावा लागतो. मात्र एक गोष्ट विसरू नये. ही बिजागरी सर्वात बिघडलेल्या गुडघ्यांतच बसवतात. त्यामुळे कमी यशाचा सगळा दोष यंत्राला देता येत नाही. साध्या सांध्याने भागत असेल, तर चांगला सर्जन बिजागरीकडे वळत नाही, विशेषतः तरुण रुग्णात. गुडघ्याजवळचे हाड कॅन्सरमुळे काढावे लागले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पाय वाचवण्यासाठी तरुणांतही असा सांधा बसवतात.

डॉक्टरांना हे जरूर विचारा : जुना सांधा सैल का झाला? आत संसर्ग तर नाही ना? त्यासाठी रक्ताची आणि सांध्यातील पाण्याची तपासणी झाली का? असे सांधे तुम्ही नेहमी बसवता का? आपल्या बाजूने साखर आटोक्यात आणा. दात, लघवी, त्वचा यांचा संसर्ग आधी बरा करून घ्या. तंबाखू आणि मशेरी सोडा. हे शेवटचे खालांना सर्वात जड गेले!

खर्चाचेही बोलून घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या साध्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या सांध्यासाठी १,१३,९५० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. आजची मर्यादा आणि आपला सांधा कोणत्या गटात येतो, हे आधीच विचारा. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून घ्या आणि त्याचा स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी गरज पडली तर तोच उपयोगी येतो.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. मांडी घालणे, उकिडवे बसणे, गुडघे टेकून सजदा करणे हे या सांध्याचे काम नव्हे. खुर्चीवर, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आजाऱ्यासाठीच आहे. घरात कमोड आणि धरायला दांडी बसवा.

खालांनी ऑपरेशन करून घेतले. मुसल्याशेजारी आता खुर्ची असते. काठी अजून सुटलेली नाही, पण ईदला शेजारच्या घरी शीरखुर्म्याचा डबा पोचवायला त्या स्वतः चालत गेल्या. आम्ही मागे उभे राहून पाहत होतो. पाय सरळ पडत होता.