प्रभातची तुतारी

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे गाव 1997 साली महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, आणि त्यानंतरच्या काळात तेथील शेतजमिनीवर काचेच्या अशा काही उत्तुंग वास्तू उभ्या राहिल्या की, रात्री नगर रस्त्याने येणाऱ्या प्रवाशास गाव आले हे आता देवळाच्या शिखरावरून न कळता त्या वास्तूंच्या माथ्यावर झळकणाऱ्या कंपन्यांच्या चिन्हांवरून कळते. ही चिन्हे दिमाखदार खरीच. परंतु नवा मालक आला की अक्षरे बदलतात, नवा व्यवस्थापक आला की रंग बदलतो, आणि कालपर्यंत तेथे काय होते हे खालच्या चहावाल्यासही आठवत नाही. ज्या शहरात हे नित्य घडते, त्याच शहराच्या पश्चिम अंगास, एरंडवण्यात, एका चित्रपटसंस्थेने वीस वर्षे एक चिन्ह मिरविले. आणि ती संस्था मोडीत निघून सत्तर वर्षे उलटली तरी ते चिन्ह महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढून हललेले नाही. ते चिन्ह म्हणजे प्रभात फिल्म कंपनीची तुतारी.

प्रभातची स्थापना कोल्हापुरात 1 जून 1929 रोजी झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. त्यांपैकी कुलकर्णी हे सराफी पेढीचे धनी. उरलेले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून, तेथील कारभारास विटून बाहेर पडलेले. यांतील दामले आणि फत्तेलाल या जोडीकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या विषयाचे मूळ त्यांच्या हातात आहे. दोघांचेही शिक्षण आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंच्या हाताखाली, म्हणजे नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या कारखान्यात झालेले. शेवटच्या रांगेतील, चार आण्यांच्या प्रेक्षकास कंदिलाच्या उजेडात काय दिसेल याचा विचार करून ब्रश चालविणारी ही माणसे होती, आणि अशा माणसांच्या संस्थेचे चिन्ह नाजूक नक्षीचे निघणे शक्यच नव्हते.

चित्रपटसंस्थेस चिन्ह लागते कशाला, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. पण आरंभी त्याचे उत्तर कलेपेक्षा फौजदारीच्या अंगाने जाणारे होते. पॅरिसच्या पाथे कंपनीने आपला कोंबडा केवळ चित्रपटाच्या मथळ्यावर ठेवून न भागल्यामुळे प्रत्यक्ष देखाव्यातील भिंतीवर टांगावयास सुरुवात केली, ती मागल्या दाराने नकला काढून विकणाऱ्या चोरांना आळा बसावा म्हणून. आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत मजकुराच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उठविल्याखेरीज आज्ञापत्र खरे धरीत नसत. पाथेचा कोंबडा हा त्याच जातीचा शिक्का. मात्र शिक्का जोपर्यंत चोरासाठी असतो तोपर्यंत त्यात सौंदर्य शोधण्यात अर्थ नाही. तो प्रेक्षकासाठी होतो तेव्हा त्याच्या इतिहासास आरंभ होतो.

प्रभातचे चिन्ह पहिल्यापासून प्रेक्षकासाठी होते. संस्थेचे नाव पहाटेचे, तेव्हा पहाट झाल्याची वर्दी देणारे कोणी तरी हवे, हा विचार सरळ आहे. परंतु कोंबडा, सूर्यबिंब किंवा काकडआरती असे सोपे पर्याय हाताशी असता तुतारीच निवडली जावी, यात त्या काळच्या मराठी मनाचा मोठा भाग आहे. तुतारी देवळात होती, लग्नाच्या मिरवणुकीत होती, छबिन्यापुढे होती. आणि 1893 साली केशवसुतांनी त्याच नावाची कविता लिहून तिला देवळाच्या आवारातून उचलून नव्या युगाच्या हाती दिली होती. एरव्ही चित्रकाराला जो अर्थ रंगरेषांनी निर्माण करावा लागला असता, तो छत्तीस वर्षे आधीच एका कवीने शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानी घालून ठेवलेला होता.

आता ती आकृतीच जवळून पाहावी. एक स्त्री, एका बाजूने दिसणारी. चेहऱ्याचे तपशील नाहीत, दागिन्यांचा सोस नाही, जवळजवळ सारी छायाच. कमरेतून मागे झुकलेली, मान वर, आणि ओठांपासून निघून आकाशाकडे गेलेली लांब, वळणदार तुतारी. मागे झुकलेले शरीर आणि वर गेलेले वाद्य मिळून एकच प्रवाही रेषा होते, आणि त्या रेषेचा सगळा भार मागे टाकलेल्या पाठीवर येतो. म्हणून चित्र स्थिर असूनही श्वास भरून घेतल्याचा भास होतो. छायाकृतीची ही निवड मला केवळ रुचीची वाटत नाही, ती व्यवहाराचीही आहे. त्या काळी वर्तमानपत्रात छायाचित्र छापावयाचे तर ठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे, आणि खरखरीत कागदावर त्याचा चिखल होई. छायाकृतीचा ठसा मात्र कितीही हलक्या कागदावर, कितीही लहान आकारात स्वच्छ उठतो. भिंतीवरील भित्तिपत्रक, कचेरीतील पत्राचा माथा, गाण्यांची आणा-दोन आण्यांची पुस्तिका आणि चित्रगृहाचा पडदा या चारही ठिकाणी एकच आकृती न बिघडता वावरू शकते, ही गोष्ट आज चिन्हे आखून देणाऱ्या कंपन्या मोठी रक्कम घेऊन शिकवितात. कोल्हापूरच्या पडदे रंगविणाऱ्यांना ती कोणी न सांगता ठाऊक होती.

या चिन्हात पुढे जो पालट झाला तो आकृतीत थोडा आणि सामर्थ्यात फार झाला. प्रभातचे आरंभीचे चित्रपट, ‘गोपाळकृष्ण’पासून ‘उदयकाल’पर्यंत, मूक होते, मूकपटाच्या पडद्यावर तुतारी कितीही जोराने फुंकली तरी तिचा सूर निघणे शक्य नव्हते. अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या सिंहाचीही हीच अवस्था होती: 1924 पासून तो पडद्यावर नुसताच मान फिरवीत असे, आणि त्याची डरकाळी प्रथम ऐकू आली ती 1928 साली, तीही चित्रगृहात लावलेल्या तबकडीतून. प्रभातने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. दुर्गा खोटे तारामती झाल्या. आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र, जे हाताळण्याचा पूर्वानुभव महाराष्ट्रात जवळपास कोणासच नव्हता, ते चित्रकार दामल्यांनी आपल्याकडे घेतले. बोलपटाबरोबर तुतारीस कंठ फुटला. आता स्त्री नुसती उभी न राहता वाद्य उचलून फुंकू लागली आणि तिचा सूर चित्रगृहात घुमू लागला. सिंहाच्या डरकाळीचा त्याच्यामागून येणाऱ्या कथेशी काडीचाही संबंध नसतो. तुतारीचा मात्र असतो, कारण ‘सुरू होत आहे, सावध व्हा’ एवढेच सांगणे हा त्या वाद्याचा जन्मजात धर्म आहे. शेंगदाण्यांच्या पुड्या सोडण्यात आणि पोरांना मांडीवर घेण्यात गुंतलेल्या सभागृहास गप्प करावयास याहून योग्य साधन कोणते असणार?

जाता जाता इंग्लंडातील रँक कंपनीच्या घंटेचे उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. तेथे एक पीळदार देहाचा पहिलवान भल्यामोठ्या घंटेवर टोला हाणताना दिसे. घंटा होती कागदाच्या लगद्याची, आणि ऐकू येणारा नाद जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकाने निराळ्याच वाद्यावर काढलेला. चिन्हांच्या दुनियेत असे कानामागचे व्यवहार पुष्कळ चालतात.

1933 साली संस्था कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि येथे उभारलेल्या विशाल कलागृहात ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे चित्रपट एकामागून एक तयार झाले. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. या चित्रपटांची थोरवी पुष्कळांनी गाइली आहे, तिची पुनरावृत्ती येथे नको. मात्र एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. आपल्याकडे तुतारी वाजविणारा पुरुष असतो. देवळात, मिरवणुकीत, लष्करात, कोठेही पाहा. प्रभातने ती स्त्रीच्या हाती दिली. सजावटीपुरती बाई हवी म्हणून दिली असेल, असे कोणी म्हणेल, आणि जाहिरातीच्या व्यवसायात तसे घडतेही. परंतु ज्या संस्थेने पुढे ‘अमरज्योती’त चाच्यांची नायिका उभी केली आणि ‘कुंकू’त जरठ नवऱ्यास नवरा मानण्यास नकार देणारी नीरा उभी केली, तिच्या बाबतीत मला हा आक्षेप लटका वाटतो. चिन्ह आधी आले आणि चित्रपट त्याच्या मागून चालत त्याच्या योग्यतेस पोचले.

1942 साली शांताराम प्रभातमधून निघाले आणि त्यांनी मुंबईस परळमध्ये आपल्या आईवडिलांच्या, म्हणजे कमल आणि राजाराम यांच्या नावांवरून राजकमल कलामंदिर स्थापिले. त्याच्या चिन्हातही कमळ आणि फुले उधळणारी स्त्री आली. देखणे खरे, पण ते स्वागताचे चिन्ह आहे, आव्हानाचे नाही. मेहबूब खान यांनी विळाहातोडा घेतला. राज कपूर यांनी ‘बरसात’मधील आपलाच एक देखावा, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्यावर रेललेली नर्गिस, उचलून चिन्ह केले, म्हणजे येथे क्रम उलटला, चित्रपट आधी आणि शिक्का मागून. राज कपूर यांचा चेंबूरचा स्टुडिओ 2019 साली विकला गेला.

प्रभातच्या मालमत्तेची वाटणी याहून आधी आणि अधिक निष्ठुरपणे झाली. 1945 साली दामले वारले. 1953 साली कंपनीचा कारभार आटोपला. कलागृहाची जागा सरकारच्या ताब्यात जाऊन 1960 साली तेथे चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली, जिला आज आपण एफटीआयआय म्हणून ओळखतो. अप्पा बळवंत चौकाजवळील किबे लक्ष्मी थिएटर, जे 1934 साली उघडले आणि पुढे तीन पिढ्यांना प्रभात टॉकीज याच नावाने ठाऊक झाले, त्याचा भाडेपट्टा 2014 अखेर संपला आणि वास्तू आपल्या मूळ नावास परत गेली. जमीन गेली, चित्रगृह गेले, भागीदार गेले; एका रस्त्यास मिळालेले प्रभातचे नाव आणि ही तुतारी एवढीच वतने कोणास जप्त करता आली नाहीत.

तरीही धोका आहे, आणि तो यंत्राचाच आहे. चित्रफितीच्या रिळाचा आरंभीचा भाग प्रक्षेपकात घालताना दरवेळी हाताळला जातो, ओढला जातो, तुटला तर कापून पुन्हा जोडला जातो. म्हणून कोणत्याही जुन्या चित्रपटाचे पहिले काही क्षण हेच सर्वांत अधिक झिजलेले असतात, आणि चिन्ह नेमके तेथेच असते. त्यात भर म्हणून दूरचित्रवाणीसाठी प्रत करणारे लोक हा भाग निरुपयोगी म्हणून कातरतात व त्या जागी आपले स्वतःचे चकाकते चिन्ह डकवितात. ‘संत तुकाराम’ची प्रत विठ्ठलाच्या नामाने सुरू होते की कोणा वितरकाच्या फिरत्या अक्षरांनी, याची त्यांना दिक्कत नसते. ज्या खराडीत संगणकावर चित्रे घासूनपुसून नवी करण्याचे कसब जाणणारे हजारो हात आज नोकरीस आहेत, तेथील मंडळींना आणि जुन्या फिती जतन करणाऱ्या सरकारी खात्यांना माझी एवढीच विनंती आहे: प्रभातचा कोणताही चित्रपट दुरुस्त करण्यास घ्याल तेव्हा मथळ्याच्या आधीचे ते थोडे फूट प्रथम हाती घ्यावेत, ओरखडे राहिले तर राहू द्यावेत, पण कातरी लावू नये.