जामठ्यातल्या एका सामन्याचे टीव्ही हक्क किती कोटींचे?

नागपुरात बेसा परिसरापासून जवळच असलेल्या जामठा स्टेडियमवर ६ फेब्रुवारी २०२५ ला भारत-इंग्लंड वनडे झाली. ती दाखवण्याच्या हक्काची किंमत किती? गणित सोपं आहे.

करार काय होता?
ऑगस्ट २०२३ मध्ये व्हायकॉम १८ ने भारतातल्या ८८ सामन्यांचे टीव्ही आणि डिजिटल हक्क बीसीसीआयकडून सुमारे ५,९६३ कोटी रुपयांना घेतले. ८८ ने भागलं की एका सामन्याचे येतात सुमारे ६७.८ कोटी.

मग हीच खरी किंमत का?
नाही, ही सरासरी आहे. पाच दिवसांची कसोटी आणि काही तासांची टी-२०, दोन्ही यात 'एक सामना' म्हणूनच मोजले जातात.

पैसे वसूल कसे होतात?
समजा, १० सेकंदांच्या जाहिरातीला १० लाख मिळाले आणि सामन्यात अशा २५० जाहिराती लागल्या, तर जमा होतात २५ कोटी. उरलेले सबस्क्रिप्शन आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतून काढावे लागतात.

धोका कुठे?
फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्यातली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. खेळाचे दोन दिवस गेले, म्हणजे त्या दिवसांच्या जाहिरातीही गेल्या. बोली लावताना हा धोका धरावाच लागतो.

आयपीएल महाग का?
२०२३-२७ साठी ४१० सामन्यांचे ४८,३९० कोटी, म्हणजे सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. तिथे बहुतेक सामने संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दुपारी असतात आणि साधारण चार तासांत निकाल लागतो.

त्यामुळे कराराचा मोठा आकडा दिसला की आधी विचारा: सामने किती, आणि कोणते?