औषधाचा कण गोल हवा की लांबट?

रत्नागिरीतून बोलतोय, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे आज उपचाराचा सल्ला नाही, फक्त एका प्रश्नाचं उत्तर शोधायचंय: कॅन्सरचं औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणाचा आकार कसा असावा?

आपल्याकडे घरात कोणाला कॅन्सर निघाला की परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू होतात. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येतात: 'नॅनो औषध थेट गाठीवर जातं.' त्यातला 'थेट' हा शब्द आज जरा तपासूया.

अडचण कुठे आहे?

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, अस्थिमज्जा इथल्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. औषध एखाद्या कणात भरून गाठीपर्यंत नेलं तर हा त्रास कमी होईल, ही मूळ कल्पना. हे कण साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान.

पण वाटेत पहारेकरी आहेत. लिव्हर आणि प्लीहेत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या गिळून टाकतात. २०१६ साली संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग, म्हणजे मुख्यतः उंदरांवरचे, एकत्र करून हिशोब मांडला. गाठीपर्यंत पोचणाऱ्या कणांचं प्रमाण निघालं ०.७ टक्के. म्हणजे १,००० कण टोचले तर ७ पोचले. हा मध्यक आहे, काही प्रयोगांत आकडा जास्त होता. पण 'थेट' म्हणावं असं यात काही नाही.

तवसं आडवं तोंडात जात नाही

इथे येतात समीर मित्रगोत्री. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे आताच्या आयसीटीतून, १९९२ साली केमिकल इंजिनिअर झाले, मग एमआयटीतून पीएचडी. आज ते हार्वर्डला प्राध्यापक आहेत. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला असताना त्यांनी आणि ज्युली चॅम्पियन यांनी विचारलं, की मॅक्रोफेजला कणाच्या आकाराने काही फरक पडतो का?

त्यासाठी वेगवेगळ्या आकारांचे कण हवे होते. थर्मोकोल ज्या पॉलिस्टायरीनपासून बनतो, त्याचे गोल कण त्यांनी पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्ममध्ये बसवले. कण मऊ करून फिल्म ताणली, की आतले कणही ताणले जातात. मग फिल्म विरघळवून टाकायची. अशा पद्धतीने वीसहून जास्त आकार बनले.

२००६ साली निष्कर्ष छापून आला. लंबगोल कणाच्या टोकदार बाजूला मॅक्रोफेज चिकटली, तर काही मिनिटांत कण गिळला. त्याच कणाच्या सपाट बाजूला चिकटली, तर १२ तासांनंतरही गिळता आला नाही. पेशी नुसती त्यावर पसरून बसली. कण तोच, फरक फक्त पहिला स्पर्श कुठे झाला याचा. आपण तवसं टोकाकडून खातो, आडवं तोंडात घालून बघा! हे कण नॅनोपेक्षा बरेच मोठे होते, पण आकार हाही डिझाइनचा भाग आहे हे त्यातून ठसठशीत दिसलं.

प्रवाहात टिकणारा धागा

२००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेनिस डिशर यांच्या गटाने लवचिक धाग्यासारखे कण बनवले. उंदरांच्या रक्तात ते आठवडाभरापर्यंत फिरत राहिले, म्हणजे तशाच गोल कणांच्या सुमारे दहापट काळ. पावसात पऱ्यात गवताची लांब काडी प्रवाहाच्या दिशेने सरळ होऊन वाहत जाते ना, तसंच. पेशीने पकडायचा प्रयत्न केला तरी प्रवाह धाग्याला ओढून नेतो. धाग्यात पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध भरल्यावर उंदरांमधल्या गाठी जास्त आक्रसल्या.

२०१३ साली मित्रगोत्रींच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर प्रयोग केला. ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी गोल आणि कांडीसारख्या कणांवर लावली. कांड्या नेमक्या पेशींना जास्त चिकटल्या आणि नको तिथे कमी. लांब बाजू टेकली की एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी पकड मिळते.

मग बेस्ट आकार कोणता?

एकच असा नाही! नॉर्थ कॅरोलिनातल्या एका अभ्यासात कांडीसारखे कण पेशीत लवकर शिरले. टोरांटोत सोन्याच्या कणांवर केलेल्या प्रयोगात गोल कण जास्त शिरले. कण कशाचा आहे, वर लेप कसला आहे, पेशी कोणती आहे, यावर उत्तर बदलतं.

शिवाय प्रवासाचे टप्पे वेगळे आहेत: रक्तात टिकणं, गाठीत झिरपणं, पेशीत शिरणं. पहारेकऱ्याला गिळायला कठीण असलेला आकार कॅन्सरच्या पेशीलाही कठीण जाऊ शकतो. आमच्या कोडमध्ये एक गोष्ट फास्ट केली की दुसरीकडे मेमरी खाल्ली जाते, तसलाच हा व्यवहार.

आज दवाखान्यात जी नॅनो औषधं मिळतात ती बहुतेक गोलच आहेत. डॉक्सिलला अमेरिकेत १९९५ साली मंजुरी मिळाली. त्यात डॉक्सोरुबिसिन हे औषध चरबीच्या सूक्ष्म फुग्यात भरलेलं असतं. त्याने हृदयाला होणारा त्रास कमी झाला, हा मोठा फायदा. २०१२ साली अमेरिकेत त्याचा तुटवडा झाला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे मागवावं लागलं. गोलच का, तर साबणाच्या फुग्यासारखा तो आकार आपोआप बनतो. अब्जावधी कांड्या अगदी एकसारख्या बनवणं फार अवघड.

फॉरवर्ड आला तर

तीन प्रश्न विचारा. प्रयोग उंदरावर झाला की माणसावर? सुधारणा नेमक्या कोणत्या टप्प्यात झाली? आणि आपल्या पेशंटचे डॉक्टर काय म्हणतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रयोगशाळेतली कांडी औषध बनून यायला वर्षं लागतात आणि गाठ तेवढं थांबत नाही. 'नॅनो येतंय' म्हणून चालू केमो कोणी पुढे ढकलत असेल, तर आधी त्याला हा भाग पाठवा आणि मग त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!