घरच्या कॉफीचे ठिबकयंत्र : निवड कशी करावी?

घरात एखादे नवे उपकरण आणावयाचे झाले म्हणजे त्याची किंमत किती, हा प्रश्न प्रथम पुढे येतो. वस्तुतः त्यामुळे कोणाचे श्रम वाचणार, हे आधी विचारले पाहिजे. कॉफी थेंबाथेंबाने गाळून देणारे विजेचे यंत्र घेण्याचा विचार हल्ली पुष्कळ घरांतून चाललेला दिसतो; म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या पालघर, बोईसर, तारापूर या टापूत या विषयास विशेष महत्त्व आहे. १९६९ साली तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून वीज निघू लागली, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि घरोघर पाळीची नोकरी आली. एक मुलगा पहाटे निघतो, दुसरा रात्रपाळी संपवून सकाळी परततो, वडीलधारी मंडळी स्नानसंध्या आटोपून कॉफीची वाट पाहतात. अर्थात सूनबाईंना एका सकाळी तीन वेळा शेगडीपाशी उभे राहणे प्राप्त होते. हे कष्ट वाचत असतील तरच यंत्र सार्थ. एरवी ती केवळ हौस होय.

कागदातून कॉफी गाळण्याची युक्तीही एका गृहिणीचीच आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या बाईंनी पेल्यात उतरणाऱ्या चोथ्याला कंटाळून एका पितळी भांड्याच्या तळास भोके पाडली, त्यात मुलाच्या वहीतील टीपकागद बसविला, आणि १९०८ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. तेच काम विजेवर करणारे ‘विगोमाट’ नावाचे यंत्र १९५४ साली जर्मनीतच निघाले. दाक्षिणात्य घरांतील दुमजली फिल्टर याच ठिबकण्याच्या तत्त्वावर, पण विजेवाचून चालतो.

आता निवडीकडे वळू. घरात कॉफी कोरी पितात की दुधाची, हा पहिला प्रश्न. यंत्रात १ लिटर पाण्यास सुमारे ६० ग्रॅम पूड घालतात. उतरणारी कॉफी पातळ असते व ती कोरीच घ्यावयाची असते. तीत आपल्या रीतीप्रमाणे निम्मे दूध, साखर आणि जायफळ घातले तर कॉफीचा केवळ रंग उरतो. दुधास दाट अर्क हवा, व तो स्टीलच्या वा पितळेच्या फिल्टरात थोडक्या खर्चात उतरतो. रात्री अर्क काढून ठेवल्यास सकाळी दूध तापविण्याचेच काम राहते. तेव्हा सर्व मंडळी दुधाचीच कॉफी घेणारी असतील, तर यंत्र घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोरी कॉफी पिणारे तिघे-चौघे असतील, तर मात्र पुढील गोष्टी पाहाव्या. पाणी पुडीवर पडताना ९२ ते ९६ अंश सेल्सिअस तापलेले असावे. त्याहून थंड पाण्याने कॉफी आंबूस व निःसत्त्व होते. काचेचे भांडे तापत्या तबकडीवर ठेवणाऱ्या यंत्रात अर्ध्या तासात कॉफी कडवट होऊ लागते. पाळीच्या घरास थर्मासचे भांडे असलेले यंत्रच सोयीचे. पूड बारीक रव्यासारखी असावी. पिठासारखी दळलेली वा चिकोरीमिश्रित पूड कागदात तुंबते. कागदी गाळणीचा एक गुण असा की, कोलेस्टेरॉल वाढविणारी कॉफीतील तैलद्रव्ये ती बहुतांशी अडविते. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने हे लक्षात ठेवावे.

परदेशस्थ मुलांनी प्रेमाने आणलेल्या यंत्राविषयी एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तिकडचे यंत्र तसेच जोडले तर तापकतारेवर साडेतीन पटींहून अधिक भार पडून ती जळते. त्यास मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, व त्या खर्चात भर घालून येथील यंत्र घेणे शहाणपणाचे. पाणी जड असेल तर आतील नळीत क्षार बसतात; लिंबूसत्त्वाचे पाणी महिन्या-दोन महिन्यांनी यंत्रातून फिरवावे आणि मागाहून दोनदा साधे पाणी सोडावे.

शेवटी एक गोष्ट कोणताही दुकानदार सांगत नाही. रात्री यंत्र भरणे, सकाळी चोथा टाकणे, भांडे धुणे ही कामे यंत्र करीत नाही. ती सूनबाईंच्याच वाट्यास राहिली तर शेगडीपुढचे कष्ट मोरीपुढे गेले, एवढेच. म्हणून यंत्र घरात येण्यापूर्वीच ठरवावे की, ज्याला पहिला पेला हवा त्याने ते रात्री भरावे, आणि शेवटचा पेला घेणाऱ्याने ते धुऊन पालथे घालावे. हा नियम ज्या घरास मान्य असेल, त्याने यंत्र खुशाल आणावे.