मेंदूच्या पेशी : शोधाची कहाणी आणि कांद्याचा गैरसमज

मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग अनेक सभासदांना आठवत असेल. दहावीला उत्तम गुण मिळविलेली एक मुलगी आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसली होती. एकाएकी तिचे डोळे फिरले, अंग ताठ झाले, हातापायांना झटके येऊ लागले व ती खुर्चीवरून खाली घसरली. सभागृहात एकच धावपळ उडाली. कोणी म्हणाले चप्पल हुंगवा, कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला, कोणी दातखीळ सोडविण्यासाठी चमचा शोधू लागले. शेवटी स्वयंपाकासाठी आणलेल्या कांद्यांतला एक फोडून तिच्या नाकाशी धरण्यात आला. दोनेक मिनिटांत झटके थांबले. "बघा, कांद्याने आली की नाही शुद्धीवर," असे समाधानाने म्हणणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोकही होते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही गप्पच होतो. तिची आई मात्र प्रत्येकाला हात जोडून सांगत होती, "कुठं बोलू नका हो, पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

आपला नाशिक जिल्हा कांद्याचा. लासलगावच्या बाजारातून तो देशभर जातो. परंतु त्या दोन मिनिटांत मुलीच्या मेंदूत जे चालले होते तिथपर्यंत कांदा पोचत नाही. तिथे काय चालले होते हे समजून घ्यायचे तर मेंदू कशाचा बनलेला आहे हे आधी पाहिले पाहिजे, आणि हे माणसाला कळले त्याला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

विचार कोठून उपजतात, याविषयी प्राचीन काळी एकमत नव्हते. ॲरिस्टॉटलसारखा थोर पंडित हृदयाला मान देत होता आणि मेंदू रक्त थंड ठेवतो असे समजत होता. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक वैद्याने फिटच्या आजाराला 'पवित्र रोग' म्हणणाऱ्यांना सुनावले होते की हा रोग इतर रोगांसारखाच आहे व त्याचे मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे चरकसंहितेतही अपस्माराला स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे हा आजार आहे हे जाणणारे पूर्वीही होते. पण मेंदूत नेमके काय बिघडते हे कोणालाच सांगता येत नव्हते.

१८३८-३९ साली श्लायडेन व श्वान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी पेशींचे बनलेले आहेत असा सिद्धांत मांडला. त्वचा, स्नायू, यकृत यांच्या बाबतीत तो लवकरच पटला. मेंदूने मात्र दाद दिली नाही. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की धाग्यांचा नुसता गुंता दिसे. कोणता धागा कोणत्या पेशीचा, कुठे सुरू झाला, कुठे संपला, काही उमगत नसे.

विद्यार्थी मित्रांनी दिंडोरी किंवा निफाडकडची द्राक्षबाग आठवावी. मांडवावर वेली इतक्या पसरलेल्या असतात की वर पाहून हा फुटवा कोणत्या खोडाचा हे सांगता येत नाही. समजा, असे एखादे औषध निघाले की ज्याने शंभरांतली एखादीच वेल मुळापासून तणाव्याच्या टोकापर्यंत काळीकुट्ट व्हावी आणि बाकीच्या जणू नाहीशा व्हाव्यात, तर ती एक वेल आपल्याला पूर्ण रेखाटता येईल. मेंदूच्या बाबतीत हे औषध इटलीतील कॅमिलो गोल्जी यांना सापडले. मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो या गावी असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात ते डॉक्टर होते. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून स्वयंपाकघराच्या जागेत ते रात्री काम करीत. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला असता थोड्याच पेशी आपल्या सर्व फांद्यांसह काळ्या होतात, हे त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केले. मोजक्याच पेशी का रंगतात, हे पुढे कित्येक दशके कोडेच राहिले. पण हाच त्या रीतीचा गुण ठरला. सगळ्याच रंगल्या असत्या तर पुन्हा गुंताच हाती लागला असता.

एवढे पाहूनही गोल्जींचा निष्कर्ष चुकला. सर्व धागे टोकाला एकमेकांत मिसळून त्यांचे एकच अखंड जाळे बनते, असे त्यांनी ठरविले. ते खोडून काढले स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी. हा माणूस आम्हाला विशेष जवळचा वाटतो. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचे होते, शाळेत लक्ष नव्हते, तेव्हा डॉक्टर असलेल्या वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे व मग चांभाराकडे काम शिकायला ठेवले होते. पुढे तो वैद्यक शिकला. १८८७ साली माद्रिदमध्ये एका सहकाऱ्याकडे त्याने गोल्जी रीतीने रंगविलेले काप पाहिले आणि त्यानंतर त्याला दुसरे काही सुचेना. त्याने युक्ती अशी केली की प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांच्या पिल्लांचे व गर्भांचे मेंदू घेतले. रोप लहान असताना बागेत गुंता नसतो, तसेच हे. त्याला दिसले की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तिचे तणावे शेजारणीच्या अगदी जवळ जातात, पण तिच्यात विरघळून जात नाहीत. लेख छापायला कोणी नव्हते म्हणून १८८८ साली त्याने पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या साठ. दुसऱ्या वर्षी काचपट्ट्या घेऊन तो बर्लिनला गेला व तेथील मोठ्या प्राध्यापकांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेऊ लागला. १८९१ साली वाल्डेयर यांनी या पेशीला 'न्यूरॉन' हे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकात तिला चेतापेशी म्हणतात.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी व काहाल यांना विभागून मिळाले. एकाच व्यासपीठावर आदल्या दिवशी गोल्जींनी आपल्या भाषणात चेतापेशीचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी काहाल यांनी तोच सिद्धांत मांडला. वादाचा निकाल १९५० च्या दशकात लागला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली. ती केसाच्या जाडीच्या चार हजाराव्या भागाएवढी असते. काही ठिकाणी पेशींमध्ये थेट जोडही सापडले आहेत, म्हणजे गोल्जी अगदीच सोळा आणे चूक नव्हते. पण बहुतांश कारभार काहालच्या म्हणण्याप्रमाणेच चालतो.

आता ही चेतापेशी कशी असते ते पाहू. मधे पेशीकाया. तिला झाडासारख्या फुटलेल्या आखूड फांद्या, त्या वृक्षिका. त्या निरोप घेतात. आणि एक लांब धागा, तो अक्षतंतू. तो निरोप पुढे नेतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो आणि तरीही तो एकाच पेशीचा भाग असतो. निरोप विजेचा असतो, पण तारेतून जाते तशी ही वीज नव्हे. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे कण, म्हणजे आपल्या मिठातलेच, आत घुसतात. मग शेजारचे दार उघडते, मग त्याच्या पुढचे. फटीपाशी वीज थांबते. तिथे अक्षतंतूच्या टोकाकडून रसायनाच्या पुड्या सोडल्या जातात आणि पलीकडची पेशी ते रसायन टिपते. ग्लुटामेट हे रसायन पलीकडच्या पेशीला 'चेतव' म्हणते, तर गॅबा हे 'थांब' म्हणते. प्रत्येक चेतापेशीला असे हजारो निरोप सतत येत असतात आणि दोन्हींचा हिशेब करून ती पुढे निरोप पाठवायचा की नाही ते ठरविते.

मेंदूत चेतापेशी किती? आम्ही शिकलो तेव्हा दहा हजार कोटी हा आकडा पाठ केला होता. पण तो नीट मोजून कोणी काढलाच नव्हता! ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मेंदू विरघळवून त्याचे अक्षरशः सूप केले व त्यातील पेशीकेंद्रके मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा सुमारे ८,६०० कोटी आहे.

त्यांच्याइतक्याच संख्येने मेंदूत दुसऱ्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. हा ग्रीक शब्द, अर्थ सरस किंवा डिंक. फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ साली हे नाव देताना त्या नुसत्या चिकटवून ठेवण्याच्या कामाच्या आहेत असे मानले होते. राबणाऱ्याचे नाव मागे राहते, तसेच हे झाले. तारकेच्या आकाराच्या ग्लिया पेशी चेतापेशींना पोषण पुरवितात व फटीतील उरलेले रसायन आवरतात. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी अक्षतंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवितात, त्यामुळे निरोप कित्येक पट वेगाने जातो. मायक्रोग्लिया या मेंदूच्या सफाई व पहाऱ्यावरच्या पेशी आहेत. या शेवटच्या दोन प्रकारांची ओळख काहालचाच शिष्य रिओ-होर्तेगा याने १९१९ ते १९२१ या काळात पटवून दिली.

हे सारे परदेशातच घडले असे मात्र नाही. डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी आपल्या अभ्यासासाठी निवडली फळमाशी. द्राक्षाच्या उघड्या पेटीभोवती किंवा पिकलेल्या केळ्यांवर जी बारीक चिलटे घोंघावतात तीच ही. कॅलिफोर्नियातील सेमूर बेंझर यांच्यासह त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या की ठरावीक तापमानापुढे नेल्या की त्या लुळ्या होऊन पडत आणि थंड केल्या की पुन्हा उठत. १९७६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका प्रकाराला 'कोमॅटोझ', म्हणजे बेशुद्ध, असे नाव आहे. तिच्यातला दोष फटीपाशी रसायनाच्या पुड्या सोडणाऱ्या यंत्रणेत असल्याचे १९९५ साली उघड झाले. कुलाब्याच्या त्याच प्रयोगशाळेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास कसा कळतो यावर मोलाचे काम केले. दुसऱ्या एका जातीच्या माश्या तर अशा आहेत की त्यांची नळी टेबलावर आपटली की त्यांना चक्क फिट येते. थोड्या वेळाने त्या आपोआप उठून चालू लागतात. त्यांना कांदा कोणी हुंगवीत नाही.

आता पुन्हा त्या सभागृहात जाऊ. ज्या १८७३ साली गोल्जींनी आपली रीत प्रसिद्ध केली त्याच साली लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी सांगितले की फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अतिरेकी व वेगाने होणारे विसर्जन. आजच्या भाषेत, 'थांब' म्हणणारे निरोप कमी पडतात, 'चेतव' म्हणणारे वाढतात आणि असंख्य चेतापेशी एकाच तालात सुटतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपण होऊन थांबते, कारण मेंदूतील आवर घालणाऱ्या यंत्रणाच तिला थांबवितात. तेवढा वेळ कांदा शोधण्यात, कापण्यात व हुंगविण्यात जातोच. मग श्रेय त्याला मिळते.

फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेले स्वस्त औषध गॅबाचे 'थांब' बळकट करते. १९३८ साली आलेले फेनिटॉइन सोडियमची दारे आवरते. त्यानंतर अनेक नवी औषधे आली. योग्य निदान व उपचार मिळाले तर दहातील सातजण फिटविना राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांची कारणे एक नसतात. डोक्याला मार, जन्मावेळची इजा, आनुवंशिकता आणि आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आढळणारे एक कारण म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांतून मेंदूत होणाऱ्या गाठी. ही अंडी न धुतलेल्या हातांतून व कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही हा रोग होतो. कोथिंबीर, मुळा नीट धुऊन खावा.

त्या आईच्या काळजीविषयीही लिहिले पाहिजे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरविण्यात आली होती. १९९९ साली 'अपस्मार' हा शब्द कायद्यातून वगळण्यात आला. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन १९७० पासून या रुग्णांसाठी काम करीत आहे. तिच्या स्थापनेत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एडी भरुचा यांचा पुढाकार होता. कायद्यातला शब्द गेला, पण स्थळ पाहताना गोळ्यांची पाकिटे लपविणारी घरे आमच्या माहितीत आजही आहेत. चोरून घेतलेली गोळी चुकते, आणि चुकली की फिट येते.

समोर कोणाला फिट आली तर आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे व रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात काही घालू नये, चमचाही नाही, पाणीही नाही. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे, पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

त्या मुलीला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेण्यात आले व औषध सुरू झाले. एकदा लग्नाला गावी गेल्यावर गोळ्या संपल्या आणि चार दिवसांनी पुन्हा फिट आली. त्यानंतर आजतागायत नाही. बारावीनंतर तिने वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाला प्रवेश घेतला. मध्यंतरी भेटली तेव्हा काचपट्ट्या रंगविण्याचे काम शिकत होती आणि सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी होतात, साबणाने जात नाहीत, अशी तक्रार करीत होती.