पंचवीस पैशांचा फरक

आमच्या गावाचं नाव होळी. बँकेत असताना बदलीच्या गावी कुणी विचारायचं, ‘साहेब, रजेत कुठं?’ मी सांगायचो, ‘होळीला.’ समोरचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. श्रावणात कसली होळी! मग सांगावं लागायचं की, ही होळी वसईतली. ती बारा महिने असते.

अडतीस वर्षं बँकेत काढून २०१८ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो आणि कायमचा होळीला राहायला आलो. पुढच्या दीड महिन्यातच वसईचा तो पाऊस झाला. ९ आणि १० जुलैला वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही तांदूळ, गाद्या, रेशन कार्ड असं सगळं वाळत घातलं. कपाटाच्या खालच्या खणातली व्हिडिओ कॅसेट मात्र चार दिवसांनी आठवली. तोवर तिच्यात चिखल बसला होता.

त्या कॅसेटमध्ये आमची आई होती. १९८६ साली दूरदर्शनचं पथक आमच्या वाडीत सुकेळ्यांचं चित्रण करायला आलं होतं. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून, वाळलेल्या पानात बांधलेला वसईचा मेवा. कार्यक्रम लागला तेव्हा शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर आम्ही तो उतरवून घेतला होता. आई २००३ साली गेली. तिचे फोटो आहेत, पण हलणारी, बोलणारी आई फक्त त्या कॅसेटमध्ये होती. आज ना उद्या तिची सीडी करून घेऊ, असं मी पंधरा वर्षं म्हणत राहिलो. दुसऱ्यांची कर्जप्रकरणं वेळेत निकाली काढणारा माणूस घरच्या कामात हा असा.

सप्टेंबरात एका बुधवारी रात्री निर्मळच्या ताईचा फोन आला. ‘अरे, टीव्ही लाव. आई दिसली!’

‘कुणाची आई?’

‘आपली!’

जुन्या कार्यक्रमांतले वेचे रविवारी सकाळी दाखवणार होते, त्याची जाहिरात चालू होती. एकदाच दाखवणार होते. आणि जुन्या चित्रणांचा भरवसा धरू नये, एवढं मला वाचून ठाऊक होतं. एके काळी टेप महाग असायच्या. प्रक्षेपण झालं की त्याच टेपवर नवा कार्यक्रम घ्यायचे. आपल्याकडचे पहिल्या काळातले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले गेले. बीबीसीसारख्या संस्थेनंही ते केलं. त्यांच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात सापडत नाहीत. पण त्या सगळ्यांचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून तो ध्वनिमुद्रित केला होता. चंद्रावर माणूस उतरला त्या वेळच्या मूळ टेपसुद्धा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं ‘नासा’नं २००९ साली सांगितलं. जिथं चंद्राची ही गत, तिथं सुकेळ्यांचं काय!

‘अहो, मोबाइलनं घ्या की टीव्हीवरून,’ ही म्हणाली. करून पाहिलं. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते आणि आवाजात पंखा आणि कुकरची शिट्टी. सेट-टॉप बॉक्सलाच पेन ड्राइव्ह लावून पाहिला. मुद्रण झालं, पण ते त्या बॉक्सखेरीज कुठंच उघडेना. किल्ली त्याच्याच पोटात. पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘काका, बॉक्समधून कॉम्प्युटरवर घ्यावं लागेल. शांतपणे करा, जमेल.’

पहिली चूक तासाभरात झाली. बॉक्सला एचडीएमआयचं भोक, लॅपटॉपलाही तेच भोक. मी वायर जोडली आणि वाट बघत बसलो. काहीच येईना. पुतण्या हसला. लॅपटॉपचं ते भोक चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. दोन्हीकडे फक्त ‘पैसे देणे’ची खिडकी, घेणार कोण?

गुरुवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एक कॅप्चर स्टिक आणली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तीन वायरी: पिवळी चित्राची, लाल-पांढऱ्या आवाजाच्या. घरी जोडलं तर पडदा काळा. प्रोग्रॅममध्ये ‘एस-व्हिडिओ’ निवडलेलं होतं. माझी वायर ‘कॉम्पोझिट’. ते बदलल्यावर चित्र आलं, पण कृष्णधवल आणि वरवर सरकणारं. भारतातलं जुन्या पद्धतीचं चित्र पाल पद्धतीचं, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेचं एनटीएससी, ५२५ रेषा आणि जवळपास ३० चित्रं. स्टिक अमेरिकेच्या हिशेबानं मोजत होती. ‘पाल’ निवडताच रंग आले. १९८२ साली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही पहिल्यांदा पाहिला होता, तेवढा आनंद झाला.

आता चित्रावर एक फिकट आडवा पट्टा हळूहळू वर चढत होता आणि आवाजात भुंगा. इथं मला बँकेतली जुनी सवय उपयोगी पडली.

संगणक येण्याआधी आम्ही लेजरं हातानं जुळवायचो. रात्री नऊला पंचवीस पैशांचा फरक निघायचा. नवा कारकून म्हणायचा, ‘साहेब, मी खिशातून टाकतो.’ पण ते चालत नसे. कारण फरक पंचवीस पैशांचा असला, तरी त्याच्यामागे एका बाजूला हजाराची आणि दुसऱ्या बाजूला नऊशे नव्याण्णव रुपये पंचाहत्तर पैशांची चूक लपलेली असू शकते. मग एका टोकापासून सुरुवात करायची, एकेका नोंदीवर खूण करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं जुळलं ते कळत नाही.

तसंच केलं. पिवळी वायर बदलली, पट्टा तसाच. खारट दमट हवेनं वायरींची टोकं काळवंडतात, म्हणून पुसली, तरी तसाच. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि पट्टा गेला, भुंगाही गेला. लॅपटॉप एका वाटेनं जमिनीला जोडलेला, डिशची वायर दुसऱ्या वाटेनं. दोन वाटांमधून घरातली वीज वळसा घालत होती. म्हणजे मुद्रण बॅटरीवरच करायचं. बॅटरी टिकायची सव्वा तास. पुरेल.

शुक्रवारी नवंच. मुद्रण साडेतीन मिनिटांनी थांबायचं. पुन्हा केलं, पुन्हा साडेतीन. बँकेत फरक रोज तोच येत असेल, तर ती चूक नसते, कुठला तरी नियम असतो. कागद घेऊन बसलो. चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. झाले सेकंदाला दोन कोटी सात लाख बाइट! तासाला पंचाहत्तर जीबीच्या आसपास. माझी बाहेरची डिस्क जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीची, तिला एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी झेपत नाही. भागाकार केला, साडेतीन मिनिटं. फाइल लॅपटॉपच्याच डिस्कवर घ्यायची आणि चित्र दाबून लहान करत साठवायचं ठरवलं. एमपीईजी निवडलं, तासाचे तीन-चार जीबी झाले.

शनिवारी अर्ध्या तासाची रंगीत तालीम. सगळं उत्तम, फक्त शेवटी शेवटी निवेदिकेचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. दोन सेकंदांचा फरक. मी पुन्हा पंचवीसवर आलो. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे दोन सेकंदांत ५०. कुठंतरी पन्नास चित्रं गळाली होती. आवाज मात्र पुरा होता, म्हणून चित्र पुढं पळालं. प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात गळलेल्या चित्रांचा आकडा असतो, तो मी तीन दिवस पाहिलाच नव्हता. ५१! स्टिक ज्या यूएसबी हबला लावली होती, त्यालाच माउस आणि प्रिंटर होते. स्टिक थेट लॅपटॉपला लावली. आकडा आठवर आला. व्हायरसविरोधी प्रोग्रॅम आणि वाय-फाय बंद केलं. शून्य.

त्या रात्री मी शांत झोपलो. सकाळी उठलो तर आभाळ भरलेलं.

आपल्या घरगुती डिशचे उपग्रह विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंच, पूर्व रेखांश ८३ पासून १०८ पर्यंत उभे आहेत. वसई ७३ च्या जवळ. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या डिश आग्नेयेकडे बघतात. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, जोराच्या पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. नव्वदच्या दशकातल्या त्या आठ-दहा फुटी छत्र्यांच्या लहरी लांब होत्या, त्यांना पाऊस फारसा बाधत नसे. पण छत्री अख्ख्या गच्चीला पुरायची. शिवाय पूर्वी संदेश कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस दिसायचा. आता दिसेतो स्वच्छ दिसतं, मग चौकोन पडतात, मग काहीच नाही. माझ्या डिशसमोर शेजारच्या माडाची एक झावळी पावसाळ्यात वाढून आली होती. शेजाऱ्यांना विचारून ती उतरवून घेतली. त्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं.

साडेअकराला कार्यक्रम लागला. ताई निर्मळहून आली होती. अठराव्या मिनिटाला आमची वाडी दिसली आणि त्याच वेळी पत्र्यावर सरी वाजू लागल्या. आई पदर खोचून मांडवाशी उभी होती. पथकातल्या कुणीतरी विचारलं, ‘किती दिवस सुकवायचं?’

या प्रश्नावर ताईचं आणि माझं पंधरा वर्षांचं भांडण. ती म्हणते सात दिवस, मी म्हणतो नऊ. तिनं दोनदा करून पाहिली, एकदा बुरशी आली, एकदा वातड झाली.

आई म्हणाली, ‘दिवस कसले मोजता? ऊन बघायचं. आणि केळं असं बघायचं—’

तिनं एक केळं उचललं. चौकोन पडले. दोन सेकंद आईच्या जागी नुसते रंगीत तुकडे होते. चित्र परत आलं तेव्हा केळं खाली ठेवलेलं आणि आई हसत होती. सगळं मिळून चाळीस सेकंद.

फाइलच्या तीन प्रती केल्या: एक लॅपटॉपवर, एक ताईकडे, एक पुण्याला. नाव दिलं तारखेसकट. घरच्यासाठीच, पुढं कुठं पाठवायची नाही, असं सगळ्यांना बजावलं. तुमच्या कपाटातही एखादी कॅसेट असेल. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ साली ते बनवणं थांबवलं. जी यंत्रं उरली आहेत, ती जुनी होत चालली आहेत. बुरशी किंवा पूर, दोन्ही विचारून येत नाहीत. या रविवारी तेवढा खण उघडून बघा.

पुतण्या म्हणाला, ‘काका, ते चौकोन कापून टाकू?’ मी नको म्हटलं. बँकेत न सापडलेला फरक कुणी खोडत नाही. तो सस्पेन्स खात्यात नोंदवतात, कारण तो उद्या सापडू शकतो. ताई म्हणते, आईनं केळं अंगठ्यानं दाबून पाहिलं असणार. मला आठवतं, ती वास घ्यायची. राजेळीची दोन रोपं लावली आहेत. घड आला की दोन्ही करून बघणार आहोत.