जिताडा : सवयी आणि मासेमारी

कोकणच्या खाड्यांतील जिताडा चवीमुळे व भावामुळे सर्वपरिचित आहे. त्याचा जीवनक्रम मात्र फारसा ज्ञात नाही. प्रौढ मासे खाडीच्या मुखाशी अंडी घालतात. पिले भरतीबरोबर खाजणांत व गोड्या पाण्यात शिरून वाढतात.

जिताडा दबा धरून शिकार करतो. बुडालेले ओंडके, खारफुटीची मुळे आणि बांधाच्या उघाडीची तोंडे ही त्याची आवडती ठिकाणे होत. ओहोटीबरोबर लहान मासळी बाहेर पडू लागली की तो झडप घालतो. म्हणून अशा वेळी, अशाच जागी जिवंत कोळंबी किंवा बोय लावलेला गळ टाकावा. कल्ल्यांची झाकणे धारदार असल्याने दोर भक्कम हवा.

विशेष म्हणजे हा मासा बहुधा प्रथम नर असतो. काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. सर्वच मोठे जिताडे पकडले गेले, तर अंडी घालणार कोण? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात सर्वसाधारणतः ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठे जिताडे पाण्यात परत सोडावे लागतात, ते याचसाठी. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी हा विचार गावोगावी पोहोचविल्यास पुढील पिढीलाही जिताडा लाभेल.